कुंपणावरची दृष्ट

सॅनिटायझरचा वास आला की मला परदेशातल्या, गिरावीनमधल्या आमच्या घराचं मागचं कुंपण आठवतं. कोरोनाचे दिवस होते. पलीकडे एक वयस्कर आर्मेनियन बाई एकट्याच राहायच्या. मी लेकीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडताना त्यांनी पाहिलं होतं. दृष्ट काढते, एवढंच मी सांगितलं होतं. तिकडे काराबाखमध्ये, वेगळा देश मागणाऱ्या त्या डोंगराळ मुलखात, लढाई पेटली आणि त्यांचा भाचा आघाडीवर गेला. एका दुपारी त्यांनी सॅनिटायझरने पुसलेला फोन कुंपणावरून माझ्या हातात दिला. व्हिडिओ कॉलवर दाढी वाढलेला, दमलेला पोरगा हसत होता. "याची काढ," त्या म्हणाल्या. मी काचेवरच्या गालांवरून हात फिरवला, बोटं मोडली. लढाईच्या बातम्यांनी माझं डोकं तापलेलंच होतं. म्हटलं, "आमच्यात शिव्याशाप द्यायलाही बोटंच मोडतात. त्या समोरच्यांच्या नावाने मोडू?" फोन परत घेत त्या हळूच म्हणाल्या, "नको. त्यांनाही कुणी आत्या असेल." पुढे भाच्याचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मलाही विचारवलं नाही. पण अजूनही कुणाच्या नावाने बोटं मोडायला घेतली, की आधी त्याची आत्या आठवते.