भरलेल्या गाडीचा हक्क

इंग्लंडमध्ये वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात, गोव्यातल्या आमोण्यातही. त्यामुळे गौरेश घाडीला तिथे नव्याने काही शिकावं लागेल असं कोणाला वाटलं नाही. त्याला स्वतःला तर नाहीच.

खाणी बंद पडेपर्यंत तो आमोण्याच्या नदीवरच्या धक्क्यावर खनिजाचा टिप्पर नेत असे. त्या रस्त्याची एक रीत होती. अरुंद जागी दोन टिप्पर समोरासमोर आले की भरलेल्याने हेडलाइट मारायची आणि रिकाम्याने कडेला थांबायचं. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलायला त्रास देते. लाइट मारणं म्हणजे 'थांब, मी येतोय'. जो थांबत नसे, त्याला गौरेश खिडकीतून ज्या शिव्या घालायचा, त्या छापण्यासारख्या नाहीत.

बायको समीक्षा तिच्या माहेरच्या कागदपत्रांवर मिळालेल्या पोर्तुगीज पासपोर्टवर आधी गेली आणि एका गोदामात कामाला लागली. मागून गौरेश गेला. ओळखीतला, पार्से गावचा यशवंत तिथे पार्सलं पोचवणाऱ्या कंपनीत चालकांचा मुकादम होता. त्याने गौरेशला व्हॅन मिळवून दिली. गोव्याचं लायसन्स तिथे पहिलं वर्षच चालतं, तेवढ्या मुदतीत तिथली परीक्षा पास व्हायची होती.

परीक्षेआधीच ती गल्ली आली. दोन्ही कडांना उभ्या गाड्या, मधून एकच वाहन जाईल एवढी वाट. समोरून छोट्या गाडीतून एक म्हातारी बाई आली आणि थांबली. गौरेशची व्हॅन पार्सलांनी भरलेली, बाईची गाडी रिकामी. त्याने लाइट मारली आणि व्हॅन पुढे घेतली. बाईने हात उंचावून आभार मानले आणि तीही पुढे आली.

बाईच्या गाडीचा दिवा फुटला, व्हॅनचा बंपर मोडला. कोणाला लागलं नाही.

"पण तुम्हीच तर मला बोलावलंत," बाई म्हणाली. रागाने नव्हे, लहान मुलाला समजावावं तशी. तो सूर गौरेशला अजून सलतो.

डेपोत यशवंत त्याच्यावर उखडला. "हय लाइट मारली म्हणजे 'तू ये'. आधी तिका बोलवलंस आणि मगे तिच्यारच गाडी घातलंस!"

"माका कोणी सांगला होता?"

"सगळ्यांक म्हायत आसा."

"माका नाय म्हायत. तू इतकी वर्सां हय आसस, एक सबूद तरी बोललंस?"

"तुका काय काय सांगूचा रे? खाणीवरलो डायवर, निदान गाडी तरी येत आसतली असा वाटला माका."

डेपोच्या साहेबाने व्हॅनची चावी काढून घेतली आणि गौरेशला आत पार्सलं निवडायला बसवलं. टिप्पर चालवलेल्या माणसाला चावीशिवाय दिवस काढणं म्हणजे शिक्षाच. व्हॅन परत हवी, यापलीकडे त्याच्या डोक्यात काही नव्हतं.

परीक्षेसाठी वाहतूक नियमांचं सरकारी पुस्तक वाचताना त्याला तो नियम सापडला. लाइट फक्त 'मी इथे आहे' हे कळवायला मारावी, समोरच्याने मारली म्हणून ती 'या' अशी खूण समजू नये. त्याने तो समीक्षाला मोठ्याने वाचून दाखवला, जणू तीच अडवून उभी होती.

"म्हणजे तुमचा बरोबर?"

"तेंच्याच पुस्तकात बरोबर आसा!"

दुसऱ्या दिवशी त्याने पुस्तक यशवंतसमोर आपटलं. यशवंतने ते उघडलंही नाही. "ह्या माका म्हायत आसा. पुस्तक परीक्षेक. रस्त्यार लोकांची रीत."

"मगे चूक कोणाची?"

"ता कोणी इचारूक नाय. साहेबाक फक्त सॉरी ऐकूचा आसा. म्हण आणि चावी घे."

"मी म्हणूचंय नाय."

आठवडा तसाच गेला. शेवटी समीक्षाच भडकली. "गोदामात धक्को तेंचो लागता आणि सॉरी मी म्हणतंय. रोज. माजी जीभ झडली? तुमचीच तेवढी सोन्याची?"

शुक्रवारी गौरेश साहेबासमोर उभा राहिला आणि चूक माझी होती, असं म्हणाला. साहेब हसला, चावी पुढे केली आणि म्हणाला, "शिकाल हळूहळू." चावी त्याच्या तोंडावर फेकावी असं गौरेशला वाटलं. त्याने ती मुठीत आवळली आणि तो बाहेर आला.

दारात यशवंतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बघ, किती सोपा होता."

गौरेशने तो हात झटकला. "पुस्तकात काय आसा ता तुका म्हायत होता. तरी साहेबाफुडे तू गप रवलंस."

यशवंत आत पार्सलांकडे वळला. त्यालाही साहेबाबरोबर रोज काम करायचं होतं.

गौरेश आता जेवणाचा डबा व्हॅनमध्ये बसून एकटाच खातो. यशवंत गावी आला की सांगतो, घाड्याच्या पोराला तिथे मीच लावला. ते खोटं नाही.