समोरच्या शाळेचं सांगा

"तुमच्या शाळेचं नका सांगू, मॅडम. ह्या सरांच्या शाळेचं तुमी सांगा. अन् सर, मॅडमच्या शाळेचं तुमी सांगा."

एवढं बोलून सुजाताबाई पुन्हा विड्यांच्या तेंदूपत्त्याचे पुडे बांधायला लागली. मी आणि समोरच्या हायस्कूलचे बिसेन सर एकाच खाटेवर बसलो होतो. दोघांच्या हातात आपापल्या शाळेची रंगीत पत्रकं.

गोंदिया जिल्ह्यातल्या चिचगडकडची गोष्ट. दोन हजार सात-आठचा सुमार असेल. मी एका खासगी अनुदानित हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. अनुदानित म्हणजे शाळा संस्थेची, पगार सरकारचा. पण सरकार पगार देतं ते पोरं मोजून. पोरं कमी पडली की वर्गाची तुकडी तुटते, आणि तुकडी तुटली की सगळ्यात नवा मास्तर 'अतिरिक्त' ठरतो. मग पाठवतील तिथे बिऱ्हाड न्यायचं. त्या वर्षी आमची आठवीची तुकडी काठावर होती आणि सगळ्यात नवी मी. घरी लहान लेक, नवऱ्याची नोकरी देवरीत. मला कुठ्ठे जायचं नव्हतं.

म्हणून लोक सुटीत मामाच्या गावाला जातात तेव्हा आम्ही मास्तर गावोगाव पोरं शोधत फिरायचो. गावच्या शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी पोरगी कुणाच्या हायस्कूलमध्ये जाणार, याची मेमध्ये निवडणूकच असायची म्हणा ना! बिसेन सर माणूस गोड, पण पोरं पळवण्यात महावस्ताद. मी जाईन त्या घरी हे आधीच चहा पीत बसलेले.

सुजाताबाईची प्रज्ञा सातवीत पहिली आली होती. ती जिकडे जाईल तिकडे तिच्या मैत्रिणी जाणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक. मी सुरुवात केली होती: सेमी इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून, संगणक कक्ष, सुसज्ज प्रयोगशाळा. सर म्हणाले, "सेमी आमच्याकडेही आहे. शिवाय स्कॉलरशिपचे जादा तास." मी आणखी काही जोडलं, त्यांनी त्यावर आणखी. तेव्हा बाई वैतागली.

"सोयरीक जुळवतानी आमी पोराच्या बापाले नाही इचारत," ती म्हणाली. "शेजाऱ्याले इचारतो. शाळा बी तशीच पाहू."

"मॅडम, पहले आप," बिसेन सर हळूच म्हणाले.

"सरांच्या शाळेत शिस्त चांगली आहे," मी म्हणाले.

"अन् खोड?"

मला राहवलं नाही. "सेमीचं गणित शिकवायला माणूस नाही. ड्रॉइंगचे सर शिकवतात."

बिसेन सर ताडकन उठले. "असं काय! मग यांची सुसज्ज प्रयोगशाळा ऐका. तिथे खिचडीच्या तांदळाची पोती भरून ठेवली आहेत!"

"खरं काय, मॅडम?" इतका वेळ पानं जुळवत बसलेली प्रज्ञा पहिल्यांदा बोलली. "मले लिटमस पाहाचं होतं. पुस्तकात लिवलं आहे, निंबूच्या रसात टाकलं का लाल होते म्हनून. खरंच होते काय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोती खरीच होती.

सुजाताबाईने निकाल दिला. "जो आपली खोड सुधरवन, तिकडे पोरगी. शाळा सुरू व्हाच्या आदी मी सोता येऊन पाहीन."

मी तणतणत थेट आमच्या हेडसरांच्या घरी.

"सर, प्रयोगशाळा रिकामी पाहिजे."

"आणि तांदूळ कुठे ठेवू? डोक्यावर?"

"तुमच्या केबिनमध्ये."

"केबिनमध्ये? साहेब तपासणीला आले तर बसतील कुठे?"

"पोत्यांवर."

"मॅडम, अतिरिक्त झालात ना, तर ही जीभ कुठे न्याल?"

"सोबतच नेईन. आज माझी तुकडी तुटेल, उद्या दुसरी. मग केबिन तरी कशाला लागते?"

हेडसरांनी बनियनवर सदरा चढवला आणि शिपायाला बोलावणं धाडलं. दुसऱ्या दिवशी पोती हलली. आतली धूळ झाडता झाडता मला शिंका येऊन येऊन पुरेवाट झाली. लिटमस सादळून कामातून गेला होता. नवरा गोंदियाहून नवीन घेऊन आला आणि वर म्हणाला, "तुझी नोकरी या चिटोऱ्यांवर आहे होय?"

जूनमध्ये मायलेकी आल्या. प्रज्ञाने निळी पट्टी लिंबाच्या रसात बुडवली. पट्टी लाल झाली. "आई वो! झाला ना!" म्हणत तिने दुसरी बुडवली, मग तिसरी. मी मनात म्हटलं, संपू दे सगळा डबा.

सुजाताबाई पदर सावरत उठली. "बरं. आता सरांकडे जातो."

मी प्रवेशाचं रजिस्टर उघडलंच होतं. पण सोयरीक पाहणारी बाई, दोन्ही घरं पाहणारच.  दुपार कलल्यावर दोघी परत आल्या.

"त्यायचा गनिताचा मास्तर दिवाळीले येनार म्हनते," सुजाताबाई म्हणाली. "तुमचा लिटमस आजच लाल झाला. घ्या नाव लिवून."

मी तिला मिठीच मारली. "अवो, सोडा ना, लोक पाहून राहिले," ती हसत हसत ओरडली. प्रज्ञाच्या मागे तिच्या मैत्रिणी आल्या आणि तुकडी वाचली. मी आजही त्याच शाळेत आहे.

आणि हो, बिसेन सरांनी त्यांच्या संस्थेत असा काही धिंगाणा घातला की त्यांना गणिताचा मास्तर दिवाळीच्या आधीच मिळाला. पुढच्या मेपासून आम्ही जाऊ त्या गावात पहिला प्रश्न तोच: समोरच्या शाळेचं सांगा. हेडसर अजून तांदळाच्या पोत्यांमध्ये बसून सह्या करतात.

एवढ्या वर्षांत मी एकच शिकले. आपल्या शाळेत काय कमी आहे हे कळायला तपासणीची वाट पाहू नये. समोरच्या शाळेच्या मास्तरला चहा पाजावा आणि त्याला जरा चिडवावं.