पाणी लागलंय

टण, टण. व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी दाराच्या ग्रिलवर दोनदा वाजायची आणि मागोमाग आवाज यायचा, "उठा, पाणी लागलंय."

सोसायटीत नव्याने राहायला आलेला माणूस पहिल्यांदा दचकायचा. मग कुणीतरी सांगायचं, काका एस.टी.त होते. अर्धं आयुष्य स्टँडवरच्या केबिनमध्ये, माईकसमोर गेलं. सांगोला गाडी फलाटाला लागते, तसं त्यांच्या लेखी पाणी नळाला लागायचं. दुपारच्या वेळी लागलं तर जिन्यातून पूर्ण घोषणाच व्हायची. "पाणी लागलेलं हाय. ज्यांची भांडी घासायची ऱ्हायल्यात त्यांनी आटपावं."

सोलापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या जुळे सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि त्याची वेळ ठरलेली नसते. आलं की खालची टाकी भरायची, मोटार लावून वर चढवायचं आणि पिण्याचं पाणी फाटकाजवळच्या नळावर ताजं भरायचं. झोपलात तर पुढचे चार दिवस टँकरवाल्याला फोन. म्हणून प्रत्येक सोसायटीत पाण्याकडे लक्ष ठेवणारं एखादं माणूस असतंच. तुम्हीही पाहिलं असेल.

आमच्याकडे ते काका होते. फाटकाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे, एक तळवा पाइपावर. पाण्याआधी पाइपात हवा येते, तिला ते खोकला म्हणायचे. "खोकला आला की समजायचं, पावना कोपऱ्यावर हाय."

पाहुणा आला की पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायचं, मग व्हॉल्व्ह फिरवायचा आणि चावी घेऊन तीन मजले चढायचे. प्रत्येक दाराशी दोनदा. फक्त नवीन लग्न झालेल्या जोडप्याच्या दाराशी एकदाच, तेही हळू. विचारलं तर म्हणाले, "त्यांचं पाणी मी भरतो की. त्यास्नी कशाला आत्ताच पाण्याची काळजी?"

म्हातारपणाची सोय कशी करावी, हे शिकायचं तर काकांकडून शिकावं असं आम्ही सगळे म्हणायचो. फंडाच्या पैशातून त्यांनी हा फ्लॅट घेतला होता. उरलेले पोस्टात ठेवले, त्याचं व्याज दर महिन्याला यायचं. शिवाय खालचा एक गाळा भाड्याने दिला होता. "पोरापुढं हात पसरायची येळ न्हाय आणायची, शेक्रेटरी," असं मला कितीदा तरी म्हणाले असतील. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून शेक्रेटरी. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण ते कधी वापरलं नाही. मी पन्नाशीला आलो तेव्हा मला गाठून विचारलं, "नॉमिनीचं बघितलं का? विमा हाय का? बीपी तपासलं?" मी पुटपुटत राहिलो. "बघा, म्हातारपण काय सांगून येत न्हाय. पण आलेलं दिसतं की न्हाय?" असं म्हणून माझ्या टकलाकडे बघून हसले.

रोज सकाळी सात रस्ता चौकापर्यंत पायी जाऊन यायचे. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि ताक. सत्तरी कधीच मागे पडलेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात, चांगल्या नोकरीत. तो न्यायला यायचा आणि रिकाम्या हाताने परत जायचा. "तितं पाणी चोवीस तास असतंय," काका म्हणायचे. "तितं मी काय करू?"

आम्ही हसायचो. तो विनोद नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या मजल्यावर अक्का राहतात. अक्कलकोटकडच्या, एकट्या, काकांहून थोड्या लहान. त्यांचे गुडघे गेलेले. त्यांची पिण्याच्या पाण्याची कळशी काका वर नेऊन द्यायचे. अक्का दार उघडून आधी कानडीत बोलावायच्या, "बर्री काका, चहा कुडीरी." काकांना कानडी येत नव्हतं, पण तेवढं बरोबर समजायचं. उंबऱ्याच्या आत खुर्चीवर बसून चहा प्यायचे. अक्का त्यांच्यावर डाफरायच्या, "एवढं भरून आणता, अर्धं जिन्यात सांडता. मागनं येणारा घसरून पडला म्हणजे?" काका म्हणायचे, "सांडलेलं मोजू नका. आलेलं बघा की."

एका पाण्याच्या दिवशी त्या सांडलेल्या पाण्यावरून काका स्वतःच घसरले. मनगट मुरगळलं, बाकी काही झालं नाही. पट्टी बांधून तिसऱ्या दिवशी पुन्हा पाइपावर हात. पण पुण्याला कळलं आणि मुलाचा मला फोन आला.

मुलगा वाईट नाही, हे आधी सांगतो. आवाज रडवेला होता. "डॉक्टर म्हणाले, खुबा मोडला असता. माझं ऐकत नाहीत. तुम्ही सेक्रेटरी आहात, तुमचं ऐकतील. ते आपोआप चालणारं यंत्र बसवून घ्या, खर्च मी देतो. पण त्यांचं ते जिने चढणं थांबवा."

यंत्र बसलं. पाणी आलं की टाकी आपोआप भरते, भरली की मोटार आपोआप सुरू होते. पिण्याचं पाणीही आता त्यातूनच गाळून वरच्या नळाला यायला लागलं. काकांनी ते सगळं बसवून घेताना मिस्त्रीला चहा दिला, बटणं समजून घेतली आणि पुढच्या पाण्याला पुन्हा चावी घेऊन वर आले. टण, टण.

"काका, आता मशीन आहे," मी म्हणालो.

"हाय की. पन मशीन बंद पडलं तर? आनि मशीन काय अक्काला हाक मारणार हाय?"

मुलाचा पुन्हा फोन. मग पुन्हा. मला वाद घालता येत नाही. कुणाला तोंडावर नाही म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही. लोक त्याला स्वभाव म्हणतात, मी आता भित्रेपणा म्हणतो. मी काकांना खरं सांगू शकलो असतो, की तुमचा मुलगा घाबरलाय, आम्हीही घाबरलोय. त्यावर ते भांडले असते. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा सोपी वाट मला सुचली.

रविवार होता. भर दुपारी ते खुर्चीवर बसलेले. मी शेजारी उभा राहिलो आणि म्हणालो, "काका, एक बोलायचं होतं. लोक जरा कुरकुर करतात. म्हणतात, झोपमोड होते."

त्यांनी पाइपावरचा हात काढला नाही. "कोन म्हंतंय?"

"बरेच जण."

सोसायटीतल्या एकाही माणसाने तसं म्हटलेलं नव्हतं. एकानेही नाही.

काकांनी समोरच्या रस्त्याकडे बघितलं. मग विचारलं, "अक्का पन?"

इथे मी थांबू शकलो असतो. "छे, अक्का कशाला म्हणतील," एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मग त्यांनी एकेकाचं नाव घेऊन विचारलं असतं. मी मान हलवली. होकारार्थी.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "तरास व्हत आसंल. मला सांगायचं की आदीच."

दुसऱ्या दिवशी चावी माझ्या घरी आली. स्वतः घेऊन आले. तेल लावून, खाकी कापडात गुंडाळलेली. माझ्या बायकोने आत बोलावलं तर म्हणाले, "नको, तुमच्या कामाची येळ."

खुर्ची फाटकावरून आत गेली. पुढच्या पाण्याला मोटार आपोआप सुरू झाली, टाकी भरली, सगळ्यांच्या नळाला पाणी आलं. कुणाला उठावं लागलं नाही, खाली यावं लागलं नाही. पिण्याचं पाणी भरताना फाटकाजवळ जो गोंगाट व्हायचा, एकमेकांच्या हंड्यावरून टोमणे, कुणाच्या मुलाचे मार्क, कुणाच्या सुनेचं माहेरपण, तोही थांबला. आम्ही एकाच जिन्याने ये-जा करत होतो आणि आठवडा आठवडा एकमेकांना दिसत नव्हतो.

काकांचं फिरणं आधी सात रस्त्यावरून कोपऱ्यावर आलं, मग गच्चीवर, मग घरात. मुलाने काही कमी केलं नाही, हेही सांगतो. न्हाणीघरात धरायला कड्या बसवल्या, स्वयंपाकाला बाई ठेवली, डॉक्टर घरी येऊन तपासून जायचे. पोस्टाचं व्याज येत होतं, भाडं येत होतं, विमा चालू होता. म्हातारपणी माणसाला जे जे लागतं म्हणून काका आम्हाला बजावायचे, ते सगळं त्या घरात होतं. रिपोर्ट चांगले यायचे. काका मात्र दर महिन्याला थोडे थोडे कमी होत होते.

एकदा अक्का जिन्यात भेटल्या. कठडा धरून उभ्या होत्या. "साहेब, काकांना माझा राग का आलाय हो? चहाला बोलावलं तर म्हणतात, नको, तुमाला तरास. मी त्यांना तरास कधी म्हटलं? सांडतं म्हटलं, ते खरं. ते तर मी सुरुवातीपासनं म्हणतेय. ते मनाला लावून घेतलं का?"

एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "नाही हो अक्का, वय झालंय त्यांचं."

नंतर दुसरेही विचारू लागले. त्या नव्या जोडप्यातली मुलगी, तिला आता बाळ होतं, म्हणाली, "काका आमच्याकडे बघतसुद्धा नाहीत. आमचं काही चुकलं का?" काकांना वाटत होतं सगळे आपल्याला कंटाळले, आणि सगळ्यांना वाटत होतं काका आपल्यावर रुसले. दोन्हीकडचे लोक माझ्याकडेच येत होते आणि मी दोन्हीकडे मान हलवत होतो.

गप्प का राहिलो, याचं चांगलं कारण शोधून पाहिलं. सापडलं नाही. खरं सांगितलं असतं तर काका पुन्हा चावी मागतील, पुन्हा पडतील, मुलगा मला दोष देईल, असं मी स्वतःला समजावत होतो. त्यातलं शेवटचंच खरं होतं. शिवाय रोज उशीर होत होता. पहिल्या आठवड्यात ते सांगणं सोपं होतं. वर्षभराने सांगायचं म्हणजे मधल्या वर्षाचंही सांगावं लागलं असतं.

काका गेले त्यानंतर दहाव्याच्या दिवशी मी अक्कांना सगळं सांगितलं. त्या स्वयंपाकघरात होत्या, गॅसवर चहा होता. ऐकून घेतलं. गॅस बंद केला. म्हणाल्या, "माझं नाव घेतलं तुम्ही?" मी म्हणालो, त्यांनी विचारलं, मी मान हलवली. अक्कांनी चहा दोन कपांत ओतला, एक माझ्यापुढे ठेवला, दुसरा दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीपाशी नेऊन ठेवला आणि आतल्या खोलीत गेल्या. मी माझा कप तसाच ठेवून जिना उतरलो.

पण मला जो दिवस सोडत नाही, तो त्याआधीचा. काका अंथरुणाला लागले होते. दुपारचे मी त्यांच्याजवळ बसलो होतो, त्या दिवशी सगळं बोलायचंच असं ठरवून गेलो होतो. मुलगा आत फोनवर होता. मी घसा खाकरला, आणि तेवढ्यात भिंतीतल्या पाइपात हवा आली. खोकला. मी इतकी वर्षं या इमारतीत राहतोय, मला तो तोवर कधी ओळखू आला नव्हता.

काकांनी डोळे उघडले. त्यांचा हात चादरीतून बाहेर आला, आणि बोटातल्या अंगठीने त्यांनी लोखंडी खाटेच्या कडेवर वाजवलं. टण, टण. ओठ हलले. शब्द आला नाही, पण मला तो माहीत होता.

मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. हात झटकन चादरीखाली गेला. एखाद्या मुलाने चुकून काच फोडावी तसा चेहरा झाला.

"चुकून वाजलं, शेक्रेटरी," ते कसंबसं म्हणाले. "कोन झोपलेलं न्हाय न्हवं?"

मी म्हणालो, "नाही काका. सगळे जागे आहेत."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. खाली मोटार आपोआप सुरू झाली.