चेसिस सरळ होती

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. आता सांगते आहे ते मन हलकं करायला, असं समजू नका — ते कधी फारसं जड नव्हतंच.

आमचं घर काशीत, दूधविनायकाला. महाराष्ट्रातून यजमान यायचे, अस्थी घेऊन, श्राद्धासाठी. विधी हे सांगायचे. पिंडांचा भात आणि ब्राह्मणांचा स्वयंपाक माझ्याकडे. सोवळ्यात. पौषातल्या थंडीत ओलेत्यानं चुलीपुढे बसणं काय असतं, हे बसलेल्या बाईलाच विचारा.

त्यात यांनी जुनी मोटार घेतली. स्वतः मुगलसरायला जाऊन स्टेशनावरून यजमान आणायचे. आगगाडी वेळी-अवेळी यायची, मोटार भरून माणसं घरी, आणि मी पुन्हा नळाखाली! यांचा आनंद मात्र गगनात मावत नसे. रोज सकाळी मोटार पुसायचे. आणि माझे हात? ते कोणी पाहिले का?

एकदा पूल उतरताना मोटार पुढच्या ट्रॉलीवर आदळली. बॉनेट दुमडलं, रेडिएटर फुटला, यांचा पाय मोडला. मोटार गंगेपलीकडे रामनगरच्या गॅरेजात ओढून नेली. हे प्लास्टरमध्ये, म्हणून मला पाठवलं. "दुरुस्त करण्याजोगी आहे का, एवढं विचारून ये. तू म्हणशील तसं करू."

तू म्हणशील तसं! लग्नानंतर हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मिस्त्री म्हणाला, "चेसिस एकदम सीधी है, भाभीजी. इंजन भी ठीक है. बस आगे का काम है, बन जाएगी." चेसिस म्हणजे मोटारीचा खालचा सांगाडा; तो वाकला की मोटार गेलीच, एवढं मलाही ठाऊक होतं.

नावेनं परत येताना मी ठरवलं — ठरवलं तरी कसं म्हणू? गंगेवर गार वारा होता, अंगावर कोरडं लुगडं होतं, आणि ते सुख मला सोडवेना. घरी येऊन सांगितलं, "अहो, चेसिसच वाकली आहे. तिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही."

मोटार भंगारात गेली. यजमान हळूहळू दुसऱ्या घरांकडे वळले. हे एका शाळेत संस्कृत शिकवू लागले. संध्याकाळी, मोटार जिथे लावायचे त्या चौकात जाऊन उगाच उभे राहायचे. मला वाईट वाटलं का? वाटलं. म्हणून खरं सांगितलं का? नाही. आणि तो दिवस पुन्हा आला तर पुन्हा तेच सांगेन. कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

पण एवढ्यावर संपत नाही — संपलं असतं तर सांगायला बसलेच नसते.

शेवटच्या आजारात यांनी एका दुपारी विचारलं, "अगं, खरंच वाकली होती का गं चेसिस?" तेव्हा चूल नव्हती, यजमान नव्हते, ओलं लुगडं नव्हतं. खरं बोलले असते तर माझं काय जाणार होतं? हे रागावलेही नसते. बहुधा हसले असते.

मी म्हटलं, "हो. पार वाकली होती."

यांनी मान हलवली आणि कूस बदलली. पहिल्या खोट्याची मला आजही लाज वाटत नाही. दुसऱ्याला माझ्याकडे काहीच कारण नव्हतं.