सात मजल्यांची टेकडी

टेक्सासमधलं आमचं शुगर लँड पोळपाटासारखं सपाट आहे. पळायला चढ हवा असेल तर दोनच जागा आहेत, फ्रीवेवरचा पूल किंवा एखादं उंच पार्किंग गॅरेज. पुलावर ट्रक धावतात, म्हणून नीलांबरी काकूंनी गॅरेज निवडलं.

काकू अडुसष्ट वर्षांच्या आहेत. सोलापुरात डॉक्टर झाल्या, लग्न होऊन इकडे आल्या, पुन्हा सगळ्या परीक्षा दिल्या आणि निवृत्त होईपर्यंत लहान मुलांना तपासत राहिल्या. आमच्याकडच्या निम्म्या मराठी घरांतल्या मुलांनी त्यांच्यासमोर भोकाड पसरलेलं आहे. माझी त्यांची ओळख झाली ती शनिवारी सकाळी कालव्याकाठी पळणाऱ्या ग्रुपमध्ये. मी नोकरीसाठी नुकतीच आले होते. गाडी नव्हती आणि ऑफिसबाहेर कुणाशी बोलणंही नव्हतं. पहिल्याच दिवशी काकू शेजारी येऊन म्हणाल्या, "उत्तरा ना तू? हळू पळतेस, बरं झालं. मला कंपनी मिळाली." पुढे ड्रायव्हिंग मी त्यांच्याच गाडीवर शिकले. फ्लूने आडवी झाले तेव्हा दाराशी खिचडीचा डबा आला आणि पाठोपाठ मेसेज आला, 'डबा माझ्या सासूबाईंचा आहे, परत हवा.' डबा परत द्यायला गेले ती जेवूनच निघाले. तेव्हापासून ते घर मला आपलं वाटतं.

त्यांची मुलगी अबोली फ्रान्समध्ये असते. नैर्ऋत्येला गॅस्कनी म्हणतात त्या भागात, द्राक्षमळे आणि सूर्यफुलांच्या शेतांमध्ये तिचं आणि तिच्या नवऱ्याचं घर आहे. घर दरीत, गाव टेकडीवर. दोघं रोज सकाळी पळत गावात जातात, बेकरीतून ब्रेड घेतात आणि दुसऱ्या बाजूने उतरून घरी येतात. मागच्या उन्हाळ्यात काकू आणि गुरुदत्त काका तिकडे गेले, तेव्हा ते दोघं गाडीने बेकरीपाशी जात. काकू बाहेरच्या बाकावर बसून वाट बघत. थोड्या वेळाने लालबुंद झालेली अबोली चर्चमागून वर यायची.

"शाळेत ती क्रॉस कंट्री पळायची," काकू मला एकदा म्हणाल्या. "सगळी शर्यत रानातून. आईबापांनी उभं राहायचं फिनिश लाइनला. मी तर क्लिनिकमधून धावत जायचे, तीही कशीबशी शेवटालाच पोचायचे. आता फ्रान्सला गेले तरी पुन्हा फिनिश लाइनच. मधली वाट मी कधी बघितलीच नाही गं. यंदा तिच्याबरोबर पळायचंय मला."

मी पाइपलाइनचे नकाशे करणाऱ्या कंपनीत काम करते. जमिनीची उंची काढणं हे माझं रोजचंच काम. अबोलीने तिच्या वाटेची फाइल पाठवली, मी त्यातला चढ मोजला आणि गॅरेजच्या मजल्यांत बदलून टाकला. सात मजल्यांचं गॅरेज तीनदा चढलं की झाली ती टेकडी. हा हिशोब मला फार आवडला होता.

शनिवार-रविवारी ते गॅरेज रिकामं असतं. रॅम्पवरून आम्ही वर पळत जायचो आणि लिफ्टने खाली यायचो. लिफ्टची कल्पना काकूंचीच. "उतरताना गुडघ्यावर लोड येतो," त्या म्हणाल्या. "उगाच कशाला झिजवायचे? ओरिजिनल पार्ट आहेत." मलाही ते पटलं. काका खाली सावलीत घडीच्या खुर्चीवर बसून शेरे मारत.

"घरातला जिना चढायला सांग, लगेच गुडघा दुखतो हिचा."

"घरातल्या जिन्यावर तुम्ही चहा मागता," काकू न थांबता म्हणायच्या.

तीन फेऱ्या काकूंना जमू लागल्या. उन्हाळा सुरू झाला, गॅरेजमध्ये इडलीपात्रासारखी वाफ कोंडायची, तरी त्यांनी एक शनिवार सोडला नाही. तिकिटं काढून झाली.

मग एका शनिवारी लिफ्ट बंद पडली. आम्ही सातव्या मजल्यावर होतो. काकू म्हणाल्या, "चल, आज उतरू पळत." पाचव्या मजल्यापर्यंत ठीक होतं. चौथ्यावर त्यांनी भिंतीला हात लावला. तिसऱ्यावर त्यांच्या मांड्या इतक्या थरथरायला लागल्या की त्या तिथेच, गाडीचं चाक अडवणाऱ्या सिमेंटच्या ठोकळ्यावर बसल्या.

दोघींना एकदमच कळलं होतं. टेकडी चढली की उतरावी लागते आणि आम्ही महिनोन्‌महिने फक्त चढत होतो. अबोलीच्या वाटेवर तर चढ मंद होता. उतार होता तो दगडांचा, मुळांचा आणि एकदम खाली कोसळणारा.

"मी डॉक्टर, तू इंजिनिअर," काकू म्हणाल्या आणि जरा हसल्या. "शाब्बास आपली."

काका वर आले. त्यांनी शेरा मारला नाही, नुसती पाण्याची बाटली पुढे केली. गाडीत बसताना काकू म्हणाल्या, "जाऊ दे. बाक चांगलाय तिथला. बसेन मी."

घरी गेल्यावर मी नकाशा पुन्हा उघडला. जी रेघ मी इतके महिने डावीकडून उजवीकडे वाचत होते, ती त्या दिवशी उजवीकडून वाचली. वाट गोल आहे. उलटी पळाली तर दगडांचा कडा चढायला येतो आणि उतरताना प्लमच्या बागांमधून लांबच लांब, हळूहळू खाली येणारा रस्ता मिळतो. काकूंना चढायचं तर येतच होतं.

त्याच दुपारी काकूंच्या डायनिंग टेबलावरून आम्ही अबोलीला व्हिडिओ कॉल केला.

"उलटं? आई, नोबडी गोज अप दॅट साइड. इट्स लाइक अ वॉल."

"भिंत माझ्याकडे सोड," काकू म्हणाल्या. "तू मला उतारावर सांभाळ."

"यू आर सीरियस."

"तुझी आई इथे पार्किंगमध्ये डोंगर चढतेय," मागून काका म्हणाले. "सीरियस नसती तर मी सकाळी झोपलो असतो."

उरलेले शनिवार आम्ही उतरण्यासाठी ठेवले. लिफ्ट दुरुस्त झाली होती, पण आम्ही तिच्याकडे बघितलंच नाही. आधी चालत, मग छोटी पावलं टाकत उतरायचं. काकूंच्या मांड्या दुखायच्या आणि त्या स्वतःलाच पेशंटसारखं समजवायच्या, "झालं हं, झालं, एवढंच."

त्या फ्रान्सला गेल्यानंतरच्या शनिवारी मी पहाटे चारलाच एकटी गॅरेजमध्ये गेले, तिकडे सकाळचे अकरा वाजले होते. वर पोचले तेव्हा फोन वाजला. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज. धापा, पावलं, कुठेतरी भुंकणारा कुत्रा.

"उत्तरा, चढले गं. मध्ये थोडं चालले, खोटं कशाला बोलू. मी चुकून पिवळी फुली मारलेल्या झाडाकडे वळले, इथे ती फुली म्हणजे 'ही वाट नाही'. अबोलीने हात धरून मागे ओढलं मला. आता उतरतोय."

"बेकरी?"

"होऊन गेली. बाकाकडे बघितलंसुद्धा नाही." मग आवाज लांब गेला. "अबोली, थांब, तो तुकडा मला दे. गरम आहे अजून."

मागून अबोलीचा आवाज आला, "आई, स्लो डाउन. स्मॉल स्टेप्स." आणि मग मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने, "उत्तरा, थँक यू. शी इज टॉकिंग नॉनस्टॉप."

खरं तर मीच आभार मानायला हवे होते, खिचडीपासून सुरुवात करून. मी एवढंच म्हटलं, "काकू, छोटी पावलं."

तासाभराने काकांचा मेसेज आला. सोबतच्या फोटोत, ताटात ब्रेडचं एक बोटभर टोक होतं. खाली लिहिलं होतं, 'दोघींनी वाटेत संपवला. उद्या पुन्हा जाणार आहेत, उलटंच. मी गाडीने जाऊन माझा वेगळा आणणार.'

मेसेज वाचला तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावर होते, त्या सिमेंटच्या ठोकळ्याजवळ. शेवटची फेरी उतरत होते.