मामाने न उतरलेल्या पायऱ्या

माझा मामा नदी मोजायचा. लोकांना थट्टा वाटायची, पण ती चांगली सरकारी नोकरी होती. नदी जिथून आमच्याकडे यायची त्या वरच्या देशाने धरण बांधलं तेव्हाच करार झाला होता. भिंत त्यांची, पाणी दोघांचं, म्हणून वीज वाटून घ्यायची. उन्हाळ्यात नदी मोजपट्टीवरच्या लाल रेघेखाली गेली, की आम्हाला जादा वीज द्यायची, म्हणजे खोल गेलेलं पाणी पंपाने ओढता येईल. सीमेवर नदीच्या दोन काठांना दोन पट्ट्या. रोज सकाळी आठला त्या काठावर त्यांची मोजणीवाली बाई आकडा लिहायची, या काठावर मामा. आकडे जुळले नाहीत तर आमचा खरा धरायचा, कारण पाण्याची गरज आमची. आहे त्याहून जास्त पाणी लिहून आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल?

मामा घेत होता. पट्टीपर्यंत शहाऐंशी पायऱ्या. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून तो वरूनच डोकवायचा आणि कालचाच आकडा उचलायचा, फार तर बोटभर इकडेतिकडे. "तीस वर्षं झाली, नदी पाठ आहे मला," म्हणायचा. आम्हाला त्याचं कौतुकच होतं.

त्या उन्हाळ्यात जादा वीज आलीच नाही. पंप दिवसातून तासभर चालायचा. माझी आई, म्हणजे मामाची सख्खी बहीण, चौथ्या मजल्यावर बादल्या चढवायची आणि जिन्यात कंबर धरून बसायची. वरच्या देशाच्या नावाने आम्ही सगळ्यांनी बोटं मोडली. "चोर आहेत मेले!" मी मामासमोर म्हणाले, तर त्यानेही मान डोलावली.

शेवटी मोजणीघरात दोन्ही देशांची बैठक बसली. मामाच्या सोबतीला मी गेले होते. बैठक चालवणाऱ्या साहेबांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या. बाईच्या वहीत नदी पाच आठवडे रेघेखाली होती, मामाच्या वहीत एकही दिवस नाही. आपल्याच देशाला महागात पडणारा आकडा तिने रोज, न चुकता लिहिला होता.

"मग चुकलं कोण?" साहेबांनी विचारलं.

बाई उभी राहिली. "मीच चुकले असेन, साहेब. माझ्याकडची पट्टी कलली असेल. दादांचा आकडा चुकायचा नाही. हे काम मला त्यांनीच शिकवलं." आणि ती खाली बसली.

मामाचे कान लालबुंद झाले. तो बोलणार हे मला कळलं आणि मी टेबलाखाली त्याचा हात घट्ट दाबला. गप्प बस, नोकरी जाईल. आईच्या बादल्या त्या क्षणी मला आठवल्यासुद्धा नाहीत. याची लाज मला अजून वाटते.

त्याने हात सोडवून घेतला.

"आकडा तिचाच खरा आहे, साहेब. त्या पाच आठवड्यांत मी एकदाही खाली उतरलो नाही."

साहेबांनी आमची वही मिटली आणि बाईची पुढे ओढली. मामा रडत होता. बाई मात्र त्याच्याकडे बघतच नव्हती. ती समोरच बसली होती, टेबलाखालचा माझा हात तिने पाहिला होता, आणि ती माझ्याकडे बघत होती.