पाय सोडणारं पायडल

पंचफुला कांबळे बसून राहणाऱ्यातली नव्हती. लहानपणी पोलिओनं तिचा उजवा पाय घोट्यातून लुळा केला, तरी मुदखेडच्या शाळेत ती सगळ्यांच्या आधी पोचायची. लातूर जिल्हा नवा झाला, कचेऱ्या उघडल्या, तेव्हा तिथं ती कारकून म्हणून लागली. चार वर्षांनी दुष्काळ पडला. गावोगाव टँकर खरंच पोचतो का, हे बघायला कोण जाईल, असं साहेबांनी विचारलं तेव्हा हात तिनंच वर केला. साहेब तिच्या पायाकडं बघत राहिले.

"सायकल हाय माझ्याकडं," ती म्हणाली.

सायकल होती, पण उजवा पाय पायडलवर ठरत नव्हता. खड्डा आला की घसरायचा आणि पायडल नडगीवर आपटायचं. वैतागून तिनं ट्यूबची पट्टी कापली आणि पाय पायडलला बांधूनच टाकला. आठवडाभर बरं चाललं. मग औशाच्या रस्त्यावर म्हैस आडवी आली. सायकल उजवीकडं कलली, पाय सुटेना. ती सायकलीखाली अडकली आणि मागून मालट्रक आला. चाक तिच्या वेणीपासून हातभर अंतरावर थांबलं.

दुसऱ्या दिवशी ती सायकल दुरुस्त करणाऱ्या विरूपाक्षअप्पांच्या दुकानात गेली. पट्टी बघून अप्पा भडकलेच.

"बाई, पाय बांधत असतात का? पडताना सुटाया पाहिजे."

"आणि खड्ड्यात?"

"खड्ड्यात धराया पाहिजे."

"मग तसं करा की, अप्पा."

अप्पांनी लाउडस्पीकरच्या फुटक्या भोंग्यातलं लोहचुंबक काढून पायडलवर बसवलं आणि तिच्या बुटाच्या तळाला लोखंडी पत्रा ठोकला. पाय असा चिकटला, की दोघांनी मिळून ओढून काढला. मधे चामड्याचा तुकडा घातला, तर पहिल्याच खड्ड्यात पाय निसटला. रोज कचेरी सुटली की ती हजर. "झालं का?" बसा म्हटलं तर बसायची नाही, दुकानातच येरझाऱ्या घालायची. तिचं ते चालणं बघता बघता अप्पांच्या ध्यानात आलं, की घोटा लुळा असला तरी मांडीत जोर आहे, सगळा पाय ती कमरेतून फेकते. त्यांनी पायडलला पुढून आणि आतून बारीक कड लावली, बाहेरची बाजू मोकळी ठेवली. पाय वर उचलला तर चुंबक धरायचं. मांडीनं बाहेर ढकलला तर सरकन सुटायचा.

"आता पडा," अप्पा म्हणाले.

"काय?"

"वाळूत पडा. सवय झाल्याबिगर रस्त्यावर न्हाई सोडणार."

दुकानामागच्या वाळूच्या ढिगावर ती चार दिवस पडत राहिली. बघे हसले. पहिल्या दिवशी भीतीनं पाय वरच ओढायची आणि अडकायची. चौथ्या दिवशी मात्र सायकल कलायच्या आत पाय जमिनीवर यायला लागला.

महिन्याभरात एका गावात टँकर आला आणि घागरी घेऊन धावणाऱ्या बायांचा धक्का लागून तिची सायकल आडवी झाली. पंचफुला उभीच होती! आपण कधी उतरलो हे तिलाही कळलं नाही.

अप्पांनी तसली पायडलं लुळ्या पायाच्या आणखी दोघांना करून दिली. त्यातल्या एका पोस्टमननं वाळूतला सराव टाळला, नाल्यात पडला आणि शिव्या देत परत आला. त्यालाही त्यांनी आधी ढिगावर पाठवलं.

पाऊस झाला, टँकर थांबले, पंचफुला पुन्हा कचेरीतल्या टेबलाशी आली. दोन महिने तिनं कसेबसे काढले. मग किनवटला, पाड्यापाड्यांवर फिरायच्या कामावर बदली मागितली.

"जंगलात कशाला?" साहेबांनी विचारलं.

"इथं बसून राहिले की जीव घाबरा होतो, साहेब," ती म्हणाली, आणि अर्जावर त्यांची सही होईपर्यंत उभीच राहिली.